पत्र्याच्या नरसाळ्याचा इतिहास

मोटारसायकल पाहावयास आलेला मनुष्य तिच्या टाकीवरून हात फिरवितो, चाकें दाबून पाहतो, दिव्याची कळ चालूबंद करतो. धुराच्या नळीकडे मात्र तो क्वचितच वळतो. ती गंजून गळूं लागली, किंवा तिच्यावर पोटरी भाजली, म्हणजेच तिची आठवण व्हावयाची. बोलतांना आपण त्या सबंध नळीला ‘सायलेन्सर’ म्हणतों, आणि या नांवामुळेंच एक गैरसमज रूढ झाला आहे. इंजिनांत जळून गेलेला वायु बाहेर टाकावयाचा, आणि जातां जातां त्याचा आवाज थोडासा दडपावयाचा, यापलीकडे त्या नळीला कांहीं कर्तव्य नाहीं, असें चांगलीं शिकलेलीं माणसेंसुद्धां समजतात. चुलीला जसें धुराडें, तशी गाडीला नळी!

एका विशिष्ट जातीच्या इंजिनाच्या बाबतींत ही समजूत सपशेल चुकीची आहे. तें इंजिन म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन. जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० या आपल्याकडील जुन्या गाड्यांत हेंच इंजिन होतें. या इंजिनाच्या बाबतींत नळी ही बाहेरून डकविलेली वस्तु नसून इंजिनाचें अर्धें अंग आहे. तिच्यांत हलणारा असा एकहि भाग नाहीं. तिला लागणारा पत्रा चार-दोन हातांपेक्षां अधिक नाहीं. ती घरच्या पडवींत बसून बनवितां येते. आणि तरीहि तिची लांबी व घेर यांचें माप नेमकें साधलें, तर इंजिनाची शक्ति इतकी वाढते कीं, मोठमोठ्या धनाढ्य कारखान्यांना एका दरिद्री कारखान्यापुढें हार खावी लागली. ही गोष्ट काल्पनिक नव्हे. ती पूर्व जर्मनींतील चोपाउ या लहानशा गांवीं घडली, आणि ज्या मार्गानें ती तेथून बाहेर पडली तो मार्ग मोठा विलक्षण होता.

प्रथम या इंजिनाचें दुखणें काय तें समजून घेतलें पाहिजे. सामान्य चार धावांच्या इंजिनांत वायु आंत घेणें, तो दाबणें, पेटविणें आणि बाहेर टाकणें या चार कामांना दट्ट्याच्या चार स्वतंत्र धावा असतात, आणि आंतबाहेर करण्याच्या वाटांवर उघडझाप करणाऱ्या झडपा असतात. टू-स्ट्रोकला एवढा अवकाश नाहीं. दट्ट्या एकदां वर गेला आणि एकदां खालीं आला कीं सगळें काम आटोपलें पाहिजे. इंग्लंडांत जोसेफ डे यानें १८९१ च्या सुमारास जें साधें इंजिन योजिलें, त्याच्याच वंशांतलें हें इंजिन. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या पाडलेल्या असतात. दट्ट्या खालीं सरकला कीं त्या उघडतात, वर सरकला कीं मिटतात. झडपा नाहींत, त्यांच्या दांड्या नाहींत, त्यांच्या स्प्रिंगा नाहींत. गरिबाच्या घरीं चालेल असें यंत्र!

परंतु या साधेपणाची किंमत द्यावी लागते. जळका वायु बाहेर जाण्याची खिडकी आणि ताजें मिश्रण आंत येण्याच्या खिडक्या कांहीं काळ एकाच वेळीं उघड्या असतात. पाहुणा पुढच्या दारानें आंत येतो न येतो तोंच मागच्या दारानें चालता होतो, असा प्रकार. ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळतांच धुराबरोबर निघून जातो. पेट्रोल जातें, शक्ति जाते, आणि वर निळा धूर होतो तो वेगळाच. श्न्युर्ले नांवाच्या जर्मन एंजिनिअरानें आंत येणाऱ्या झोताला वळसा घ्यावयास लावणारी रचना काढली, आणि तिचा उपयोग चोपाउच्या डीकेडब्ल्यू कारखान्यानें आपल्या मोटारसायकलींत १९३० नंतरच्या दशकांत केला. नुकसान कमी झालें; थांबलें नाहीं.

डीकेडब्ल्यू हा कारखाना रासमुसेन या डेन्मार्कच्या गृहस्थानें काढला, आणि १९२८ च्या सुमारास जगांत सर्वांत अधिक मोटारसायकली बनविणारा कारखाना म्हणून तो ओळखला जात होता. त्याची आरटी १२५ ही गाडी म्हणजे १२३ घनसेंटिमीटरचें एक सिलिंडर आणि पावणेपांच अश्वशक्ति. युद्ध संपल्यावर ही लहानशी गाडी जणूं जगाची सार्वजनिक मालमत्ता झाली. तिचे आराखडे जेत्यांना मिळाले. इंग्लंडांत तिची बीएसए बँटम झाली, अमेरिकेंत हार्ले-डेव्हिडसनची छोटी गाडी झाली, रशियांत मॉस्क्वा झाली, आणि १९५५ सालीं जपानांत यामाहाची पहिली मोटारसायकल झाली तीहि हीच. तिचा आराखडा करणारा हेर्मान व्हेबर याला रशियांत नेण्यांत आलें व तो तेथेंच १९४८ सालीं वारला. चोपाउच्या कारखान्यांतील यंत्रें सोव्हिएट सैन्यानें युद्धाची भरपाई म्हणून उचलून नेलीं. मागें राहिल्या त्या भिंती आणि ज्यांना ही गाडी ठाऊक होती अशीं माणसें.

त्या माणसांपैकीं एकाचें नांव व्हाल्टर काडेन. १९१९ सालीं सॅक्सनींतील एका खेड्यांत त्याचा जन्म झाला. त्याचे वडील डीकेडब्ल्यूच्याच एका अधिकाऱ्याची मोटार हांकीत. केम्नित्सला शिक्षण पुरें करून काडेन १९४० सालीं हेन्शेल विमान-कारखान्यांत गेला आणि युद्धकाळांत बिनतारी संदेशानें मार्ग बदलणाऱ्या क्षेपणास्त्राच्या कामावर राहिला. युद्धानंतर अमेरिकनांच्या कैदेंतून सुटून तो घरीं परतला. बाँबहल्ल्यांनीं घरांचीं छपरें उडालेलीं होतीं. त्यानें छपरांच्या लाकडी कैच्या बनविण्याचा धंदा सुरू केला. दिवसा लाकूड आणि फावल्या वेळीं लोखंड, असा त्याचा क्रम होता. त्या फावल्या वेळांत त्यानें एक जुनी आरटी १२५ घेऊन स्वतःच्या हातानें शर्यतीची गाडी तयार केली व जवळपासच्या शर्यतींत ती स्वतःच चालविली. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पुढें ज्या विद्येनें जगांतल्या शर्यती पालटल्या, तिचा आरंभ मोठ्या प्रयोगशाळेंत झाला नाहीं. छपरें दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरच्या उद्योगांतून झाला.

काडेन एकटाच असा नव्हता. डानिएल त्सिमरमान नांवाच्या दुसऱ्या एका खासगी कारागिरानें आपल्या गाडीच्या क्रँककेसवर फिरती चकती बसविली होती. ती चकती मिश्रण आंत घेण्याची वाट अगदीं नेमक्या क्षणीं उघडी व मिटे. त्याची ही घरगुती गाडी खुद्द सरकारी कारखान्याच्या गाड्यांना मागें टाकूं लागली. १९५३ सालीं कारखान्यानें शर्यत-विभागाची सूत्रें काडेनच्या हातीं दिलीं, आणि त्यानें त्सिमरमानची चकती सरळ उचलली. या कारखान्याचें नांव तेव्हां आयएफए होतें. १९५६ पासून तें एमझेड झालें. पश्चिम जर्मनींत इंगोलश्टाट येथें नव्यानें उभ्या राहिलेल्या डीकेडब्ल्यूमध्यें एरिख व्होल्फ यानें १९५१ च्या सुमारास शर्यतीच्या गाडीला पोटांत फुगीर अशी धुराची नळी लाविली होती. तीहि कल्पना काडेननें घेतली. दोन्ही कल्पना दुसऱ्यांच्या, हें त्याच्या कीर्तीला कमीपणा आणणारें नाहीं. फुगीर नळीचा उपयोग होतो एवढें व्होल्फला दिसलें होतें. ती नेमकी केव्हां, कशी आणि किती उपयोगी पडते, याचा छडा काडेननें लावला.

हा छडा काय होता? आगगाडीच्या यार्डांत डब्यांची एक लांबलचक रांग उभी असते, आणि एका टोंकाला इंजिन येऊन हलकेंच धक्का देतें. पहिला डबा चार बोटें सरकतो, तो दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला. खडखड करीत तो धक्का क्षणार्धांत शेवटच्या डब्यापर्यंत पोंचतो. डबे फारसे हललेच नाहींत, धक्का मात्र शंभर हात धांवला. नळींतहि असेंच होतें. खिडकी उघडतांच जळका वायु बाहेर उसळतो, आणि त्याच्या पुढें दाबाची एक लाट ध्वनीच्या वेगानें पळत सुटते. तापलेल्या वायूंत हा वेग सेकंदाला सुमारें पांचशें मीटर पडतो. वायु मागून सावकाश येतो. लाट केव्हांच पुढें गेलेली असते.

आतां या लाटेचा एक चमत्कारिक स्वभाव आहे. वाट रुंदावत गेली कीं ती उलटी होऊन परत फिरते, म्हणजे दाबाऐवजीं ओढ घेऊन येते. वाट अरुंद होत गेली कीं ती जशी गेली तशीच, दाब घेऊनच परत येते. विहिरींत हाक मारली कीं आपलाच आवाज परत येतो, त्याच जातीचा हा प्रतिध्वनि. म्हणून नळीचा पहिला भाग नरसाळ्यासारखा पसरत नेला, तर परत येणारी ओढ सिलिंडरांतील उरलासुरला धूर शोषून घेते, आणि त्याच्यामागून ताजें मिश्रणहि भराभर वर खेंचते. इतकें कीं त्यांतलें थोडें नळीच्या तोंडांत उतरतें. येथेंच नुकसान व्हावयाचें. पण नळीच्या शेवटीं दुसरें नरसाळें उलटें लाविलेलें असलें, तर त्यावर आपटलेली दाबाची लाट मागें येते आणि नळींत उतरलेलें तें ताजें मिश्रण खिडकी मिटण्याच्या ऐन क्षणीं सिलिंडरांत परत कोंबते. पाहुणा मागच्या दारानें निसटतांना कोणी तरी त्याला हाताला धरून माजघरांत आणून बसवावें, तसें.

सगळी करामत त्या ‘ऐन क्षणीं’ या दोन शब्दांत आहे. लाट लौकर आली तरी व्यर्थ, उशिरा आली तरी व्यर्थ. इंजिन मिनिटाला १०,८०० फेरे करीत असतां एका फेऱ्याला सेकंदाचा एकशें-ऐशीवा भाग लागतो, आणि खिडकी त्याच्या जेमतेम निम्मा वेळ उघडी असते. एवढ्या वेळांत लाटेनें जाऊन परत आलें पाहिजे. झडप नाहीं, दांडी नाहीं, कोणतीहि यंत्रणा नाहीं; केवळ पत्र्याची लांबी हीच काय ती झडप. काडेननें नळींतील दाबाचे हे चढउतार ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहून नळीचा आकार घडविला. यांतच सिलिंडरच्या मागल्या भिंतींतून ताजें मिश्रण आणणारी आणखी एक वाट त्यानें वाढविली. १९६१ सालीं त्याच्या १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनानें २५ अश्वशक्ति दिली. लिटरला दोनशें अश्वशक्ति हें प्रमाण तोंवर हवा नुसती नैसर्गिकपणें ओढून घेणाऱ्या कोणत्याहि इंजिनास साधलें नव्हतें. युद्धापूर्वीं त्याच मापाच्या आरटीची शक्ति पावणेपांच होती, हें येथें आठवावें.

याच वेळीं जपानी कारखाने शर्यतींत उतरले होते. होंडाकडे पैसा होता, माणसें होतीं, चार धावांचीं घड्याळासारखीं बारीक इंजिनें होतीं. सुझुकीकडे टू-स्ट्रोक इंजिनें होतीं, पण १९६० व १९६१ या दोन्ही वर्षीं आइल ऑफ मॅनच्या शर्यतींत त्यांची शोभाच झाली. आणि एमझेडकडे काय होतें? तुटपुंजें साहित्य, सरकारी परवानग्या, आणि काडेनचें डोकें. अशा स्थितींत एमझेडचा एर्न्स्ट डेग्नर हा चालक १९६१ सालीं १२५ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या अगदीं उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. डेग्नर हा नुसता चालक नव्हता. इंजिनाच्या बांधणींतलें त्याला उत्तम कळत असे, आणि काडेनच्या प्रयोगांत त्याचा हात होता.

त्या वर्षीं १३ ऑगस्टला बर्लिनमध्यें भिंत उभी राहूं लागली. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याची वाट बंद झाली. डेग्नरला परदेशच्या शर्यतींसाठीं बाहेर सोडीत, पण बायकोमुलें घरीं ठेवून. तीच सरकारची हमी. सुझुकीच्या माणसांशीं त्याचें बोलणें झालें होतें. सप्टेंबरांत स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड येथें शर्यत होती. त्या सुमारास त्याची पत्नी व लहान मुलें एका मोटारीच्या मागील सामानाच्या कप्प्यांत लपवून सीमेपार काढण्यांत आलीं. मुलांनीं आवाज करूं नये म्हणून त्यांना गुंगीचें औषध दिलें होतें. इकडे शर्यतींत डेग्नरचें इंजिन निकामी झालें आणि तो त्या गर्दींतच नाहींसा झाला. डेन्मार्कमार्गें तो पश्चिम जर्मनींत पोंचला. त्यानें इंजिन मुद्दाम बिघडविलें, असा एमझेडनें आरोप केला. त्या वर्षींचें अजिंक्यपद होंडाच्या टॉम फिलिस याला मिळालें.

डेग्नर जपानांत हामामात्सूला गेला. त्याच्याबरोबर रेखाचित्रें होतीं, इंजिनाचे कांहीं भाग होते. पण सर्वांत मौल्यवान वस्तु त्याच्या डोक्यांत होती. दुसऱ्याच वर्षीं, १९६२ सालीं, सुझुकीच्या ५० घनसेंटिमीटरच्या गाडीवर बसून त्यानें आइल ऑफ मॅनची शर्यत जिंकली आणि जागतिक अजिंक्यपदहि मिळविलें. टू-स्ट्रोक इंजिनाचें हें पहिलें जागतिक अजिंक्यपद. बारा महिन्यांपूर्वीं ज्या कारखान्याची शोभा झाली, त्याला एका हिवाळ्यांत ही विद्या आली.

याला चोरी म्हणावें कीं सुटका, याविषयीं आजहि दोन मतें आहेत. ज्या राज्यांत माणसाला आपल्या बायकोमुलांना घेऊन उघड्या रस्त्यानें जातां येत नाहीं, तेथून पळालेल्या मनुष्याला चोर म्हणण्यास माझें मन धजत नाहीं. परंतु त्याच वेळीं चोपाउच्या कारखान्यांत राहिलेल्या काडेनचें काय झालें असेल, हा विचारहि मनांतून जात नाहीं. त्याला दुसऱ्याच्या नांवावर आपली विद्या विजयी झालेली पाहावी लागली. एमझेडनें १९७६ पर्यंत जागतिक दर्जाच्या तेरा शर्यती जिंकल्या. अजिंक्यपद एकदांहि मिळविलें नाहीं. डेग्नरलाहि सुख फार दिवस लाभलें नाहीं. १९६३ सालीं जपानांत सुझुका येथील शर्यतींत त्याची गाडी पेटून तो भयंकर भाजला. पुढें शर्यती सोडून तो १९८३ सालीं कॅनरी बेटांपैकीं टेनेरिफ येथें वारला. सुझुकाच्या मार्गावर त्याच्या नांवाचें एक वळण आहे. काडेन १९९६ पर्यंत जगला.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. यामाहानें १९६४ सालीं २५० च्या वर्गांत अजिंक्यपद मिळविलें, १९७५ पासून ५०० च्या वर्गांतहि टू-स्ट्रोक इंजिनांचें राज्य सुरू झालें, आणि २००१ पर्यंत तें अबाधित चाललें. धुराचे निर्बंध कडक झाल्यामुळें पुढें हीं इंजिनें रस्त्यावरूनहि गेलीं व शर्यतींतूनहि गेलीं.

आपल्याकडे हा वंश दोन वाटांनीं आला. मुंबईच्या इराणी कुटुंबानें म्हैसूर येथें १९६० च्या सुमारास जावा गाड्यांचा कारखाना काढला. १९७३ पासून त्या गाड्या येझदी या नांवानें निघूं लागल्या. एका सिलिंडरला दोन बाजूंस दोन नळ्या ही तिची ओळख अद्याप जुन्या लोकांच्या ध्यानांत आहे. दुसरी वाट यामाहाची. ज्या यामाहाची पहिली गाडी चोपाउच्या आरटीची नक्कल होती, त्याच यामाहाची आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ पर्यंत आपल्या देशांत निघाली. ९८ घनसेंटिमीटरचें इंजिन आणि अकरा अश्वशक्ति. म्हणजे लिटरला एकशेंबाराच्या आसपास. त्या गाडीच्या नळीचें चकचकीत बाह्यांग कापून पाहिलें तर आंत तीं पसरतीं-मिटतीं नरसाळीं सांपडतात. काडेनचें घरगुती गणित अशा रीतीनें पुण्याच्या आणि कोल्हापुरच्या रस्त्यांवरून कित्येक वर्षें धांवत होतें.

या जुन्या गाड्या ज्यांनीं हौसेनें जपल्या आहेत, त्यांना मूळ नळी गंजल्यावर नवी मिळणें दुरापास्त होतें, आणि मग ते स्वतःच नळी करावयास बसतात. त्यांच्या कामाचें स्वरूप काय असतें, हें सांगितल्यावांचून हा इतिहास अपुरा राहील.

पहिलें काम कागदावरचें. खिडकी किती अंश उघडी राहते तें मोजावयाचें, इंजिनाला कोणत्या वेगावर जोर हवा तें ठरवावयाचें. अंशांना लाटेच्या वेगानें गुणून, फेऱ्यांच्या बारा पटीनें भागलें कीं दट्ट्यापासून शेवटच्या नरसाळ्याच्या साधारण मध्यापर्यंतचें अंतर मीटरांत येतें. खिडकी १६० अंश उघडी राहणारी, लाटेचा वेग ५१० मीटर, आणि फेरे मिनिटाला ५,५०० असे धरले, तर हें अंतर सुमारें १२४ सेंटिमीटर भरतें. ६,५०० फेऱ्यांवर जोर हवा असेल, तर १०५ सेंटिमीटर पुरे. शर्यतीचें १०,८०० फेऱ्यांचें इंजिन आणि १९० अंशांची खिडकी असेल, तर पाऊण मीटरहि लागत नाहीं. जुन्या संथ गाडीला लांब नळी व शर्यतीच्या गाडीला आंखूड नळी कां असते, याचें उत्तर एवढ्या भागाकारांत आहे. शर्यतीच्या गाडीची नळी पाहून तशीच आपल्या जुन्या गाडीला बसविणारे लोक फसतात ते याच ठिकाणीं. गाडी ओरडते फार आणि चालते कमी.

दुसरें काम पत्र्याचें. पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, साध्या पोलादाचा असावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मुळींच घेऊं नये. जोडतांना त्याचा जो पांढरा धूर होतो, त्यानें माणसाला ताप भरतो. नरसाळें पत्र्यावर कसें काढावयाचें, हा शाळेंतल्या भूमितीचाच प्रश्न आहे. एका तोंडाचा व्यास ४० मिलिमीटर, दुसऱ्याचा ९०, आणि लांबी २५० असलेलें नरसाळें उलगडून सपाट केलें, तर ४५२ आणि २०१ मिलिमीटर त्रिज्यांचे दोन कंस व त्यांच्यामध्यें ३६ अंशांचा कोन अशी पंख्यासारखी आकृति होते. ती आधीं जाड पुठ्ठ्यावर काढून, वळवून, जुळते कीं नाहीं तें पाहावें. मग पत्रा कातरीनें कापून एका जाड नळकांड्यावर हळूहळू वळवावा, आणि लांकडी मोगरीनें ठोकून गोल करावा. पुण्याच्या तांबट आळींत हंडे घडवितांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना या कामाची लय वेगळी सांगावयास नको. घाईचा एक टोला पडला कीं पोंचा पडतो, आणि तो काढतांना दहा टोले लागतात.

नळीला बांक हवा असतो, कारण इंजिनाचें तोंड पुढें व चाक मागें. सरळ नळकांड्यांत वाळू ठासून, दोन्ही तोंडें बुचांनीं बंद करून, तांबडें होईपर्यंत तापवून वांकविणें ही जुनी रीत. त्यांतली वाळू अगोदर भाजून कोरडीठाक केलेली असावी. ओलसर वाळूची वाफ कोंडली तर बूच बंदुकीच्या गोळीसारखें सुटतें. नरसाळ्याला बांक द्यावयाचा असेल तर तें तिरकें कापून, एक तुकडा अर्धा फिरवून पुन्हां जोडतात. असे चारपांच काप दिले कीं नळी वळत जाते. अलीकडे आणखी एक युक्ति हौशी लोक करतात. नळीच्या आकाराचे दोन सपाट पत्रे कापून त्यांच्या कडा सर्वत्र जोडून टाकावयाच्या, आणि आंत पंपानें दाबाचें पाणी सोडावयाचें. पत्रा हळूहळू फुगत जाऊन पोट धरतो. हवेच्या दाबानें हा प्रयोग कोणी करूं नये. जोड फुटला तर पाणी नुसतें गळतें, हवा स्फोट करते.

शेवटच्या नरसाळ्याच्या टोंकाला जी बारीक शेपटी जोडतात, तिच्याकडे नवशिके दुर्लक्ष करतात. इंजिनाकडील नळीच्या व्यासाच्या साधारण सहा-दशांश तिचा व्यास असतो. ती फार मोठी ठेविली तर दाब टिकत नाहीं. फार लहान ठेविली तर उष्णता आंत कोंडते आणि दट्ट्याला चक्क भोंक पडतें. आवाज दडपण्याचें काम या शेपटीच्या पुढें जोडलेल्या वेगळ्या नळकांड्याचें. आंत भोंकें पाडलेली नळी व तिच्याभोंवतीं कांचेची लोकर. खरा सायलेन्सर एवढाच. तो काढून टाकल्यानें शक्ति वाढते, ही आपल्या तरुणांतील समजूत निराधार आहे. अशा मोकळ्या नळ्या जप्त करून पोलीस त्या रोलरखालीं चिरडतात, याबद्दल मला तरी हळहळ वाटत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास बंदी आहे, तेव्हां घरीं केलेली नळी रस्त्यावर नेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी केलेली बरी.

नळी बसली म्हणजे काम संपलें असें नाहीं. नवी नळी मिश्रण अधिक ओढते, म्हणून कार्बुरेटरचा जेट प्रथम मोठाच घालावा, आणि मग प्लग काढून त्याचा रंग पाहात पाहात तो एकेक पायरीनें कमी करावा. प्लग पांढरा पडला तर थांबावें. विटकरी-तपकिरी दिसला तर मिश्रण ठीक आहे. जोडांतून कोठें वायु निसटतो कीं काय, हें साबणाचें पाणी लावून पाहतां येतें. आणि गाडीची मूळ नळी कितीहि गंजलेली असली तरी ती मोडींत देऊं नये. तिला तेल लावून माळ्यावर टांगून ठेवावी. नव्या नळीचें माप चुकलें, तर पुन्हां तिच्याचवरून मोजावें लागतें.